सेलवालं घेऊ की ऑटोमॅटिक? घड्याळ घ्यायच्या आधी एवढं बघा

मागच्या महिन्यात माझा भाचा कुपवाड एमआयडीसीतनं ड्युटी संपवून थेट आमच्याकडं आला, चहा यायच्या आधीच मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, "मामा, यातलं कुठलं घेऊ सांग." स्क्रीनवर एका मोठ्या स्विस कंपनीचं नाव असलेलं घड्याळ, हिरवी डायल, स्टीलची चेन आणि खाली दोन ऑप्शन, क्वार्ट्झ म्हणजे सेलवालं १,९०० ला, ऑटोमॅटिक म्हणजे बिनसेलचं ३,८०० ला. फर्स्ट कॉपी, म्हणजे नक्कल. त्याचं म्हणणं असं की ऑटोमॅटिक डबल किमतीचं आहे म्हणजे ते भारी असणार, आणि सेकंद काटा पण ओरिजिनलसारखा सरकत जातो, मग थोडे पैसे जास्त घालून तेच घ्यावं. मी त्याला म्हटलं, बस आधी, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तू दोन्ही एकात घातलेत. कॉपी घ्यायची का हा एक प्रश्न, आणि आत मशीन कुठलं असावं हा दुसरा. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न ओळखीतली तीन-चार पोरं दर दिवाळीला विचारतातच.

कॉपीचं आधी सांगतो, कारण मी स्वतः त्यात पैसे घातलेत. चार वर्षांपूर्वी ३,२०० रुपयांना एक ऑटोमॅटिक कॉपी मागवली होती. पहिले पंधरा दिवस मनगटावर बघून बघून मन भरत नव्हतं, दोन-अडीच महिन्यांत ते रोज पाच-सात मिनिटं मागं पडायला लागलं आणि एका सकाळी बंदच. सांगलीत हरभट रोडवरच्या माझ्या नेहमीच्या घड्याळवाल्या काकांकडं घेऊन गेलो. त्यांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला आयग्लास लावला आणि काही न बोलता घड्याळ माझ्याकडं सरकवलं, म्हणाले, तुम्हीच बघा. रोटरवर, म्हणजे हात हलला की आत फिरणाऱ्या वजनावर, कंपनीचं नाव झकास छापलेलं होतं, पण रोटर जिथं फिरतो तिथं काळपट पावडर जमलेली, धातू धातूला घासून पडलेली. एका स्क्रूचं डोकं पार चेपून गेलेलं, म्हणजे बसवतानाच स्क्रू ड्रायव्हर सटकला असणार. चाकांचे खुंट ज्यात फिरतात त्या दगडांवर तेलाचा मागमूस नाही. आणि मशीन केसमध्ये गच्च बसावं म्हणून सभोवती पांढऱ्या प्लास्टिकची रिंग, ती एका बाजूला चिरलेली. काका म्हणाले, सर्व्हिसिंग करून देईन, पण चाकांचे दात घासलेत, पार्ट कुठून आणू, आणि जेवढ्याचं घड्याळ त्याच्या निम्मे पैसे माझे होतील. ज्याच्याकडनं घेतलं होतं त्याचा नंबर तोवर बंद झालेला होता.

म्हणून माझं मत पक्कं आहे, दुसऱ्याचं नाव छापलेलं घड्याळ घेऊ नका. कायद्याचं पण बघा, ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली खोटं नाव लावणाऱ्याला आणि तसला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, म्हणजे तुम्हाला जो माणूस बिल देत नाही तो का देत नाही ते समजलं. पण त्याहून माझ्या जिवाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. कॉपीमध्ये क्वार्ट्झ आणि ऑटोमॅटिक हा निवडीचा प्रश्नच खोटा पडतो. तुम्ही पैसे मोजता डायलवरच्या नावाचे, आत काय घातलंय ते विकणाऱ्याला पण माहीत नसतंय. "स्विस मशीन" लिहिलेलं असतं आणि आत स्वस्तातलं चिनी ऑटोमॅटिक असतं. क्रोनोग्राफसारख्या तीन छोट्या डायल असतात आणि बटण दाबलं की स्टॉपवॉच सुरू व्हायच्या ऐवजी वार किंवा तारीख पुढं सरकते, कारण त्या डायल नुसत्या वार, तारीख आणि २४ तासांच्या असतात. त्याच दोन-चार हजारांत खऱ्या कंपनीचं, बिल आणि वॉरंटीसकट, छान क्वार्ट्झ घड्याळ मिळतं. तर आता पुढचं सगळं खऱ्या घड्याळाबद्दल.

घड्याळाच्या दुकानात आतल्या यंत्राला सरळ मशीनच म्हणतात, मी पण तेच म्हणतो.

क्वार्ट्झ म्हणजे आपलं सेलवालं. आत गारेचा एक बारीकसा तुकडा असतो, दोन पायांचा कापलेला, छोट्या नळीत बंद करून ठेवलेला. सेलचा करंट मिळाला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असाच आलेला नाही, एकाला पंधरा वेळा दुप्पट करत गेलं की ३२,७६८ येतात, म्हणून सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं निम्मं करत आणतं आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो, तो कॉइलमधनं छोट्या मोटरला जातो, मोटर अर्धा फेरा फिरते आणि सेकंद काटा एक घर पुढं पडतो. म्हणून तो टिक टिक करत चालतो. सेइको कंपनीनं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विकायला काढलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, आणि आज तेच तंत्र पाचशे रुपयांच्या घड्याळात पण आहे. साध्या क्वार्ट्झचा फरक महिन्याला १५ ते २० सेकंद. महिन्याला, दिवसाला नाही, हे डोक्यात ठेवा.

ऑटोमॅटिकमध्ये सेल नाही, सर्किट नाही. एका डबीत गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटत जाताना चाकं फिरवते, आणि बॅलन्स नावाचं छोटं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगवर इकडून तिकडं झुलत त्या सुटण्याला लगाम घालतं. चावीच्या घड्याळात हीच स्प्रिंग आपण रोज सकाळी चावी देऊन भरतो, ऑटोमॅटिकमध्ये मागं एक अर्धगोल वजन असतं, रोटर, तुमचा हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरत राहते. स्प्रिंग पूर्ण भरली की आतल्या आत घसरते, त्यामुळं जास्त हात हलवून तुटत नाही, काही लोकांना ती भीती असते म्हणून सांगितलं. आज मध्यम किमतीच्या घड्याळात सगळ्यात जास्त दिसणारी मशीन म्हणजे सेइकोची एनएच३५ आणि सिटिझनच्या घरातली मियोटा ८२१५. दोन्ही तासाला २१,६०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला सहा, म्हणून काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. एकदा पूर्ण भरल्यावर चाळीस-एक्केचाळीस तास चालतात. आणि कंपनीनंच दिलेला फरक दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. म्हणजे एखादं घड्याळ रोज ४० सेकंद पुढं जात असेल तर आठवड्यात ४ मिनिटं ४० सेकंद झाली, आणि कंपनी म्हणणार घड्याळ बरोबर आहे, त्यात बिघाड नाही. पुष्कळ घड्याळं प्रत्यक्षात याहून बरीच चांगली चालतात, पण पैसे देताना हा आकडा माहीत पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये तपासून सर्टिफिकेट दिलेली भारी मशीन असतात त्यांची पण मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. दोन-तीन लाखांचं ऑटोमॅटिक वेळेच्या बाबतीत हजार रुपयाच्या क्वार्ट्झच्या मागंच राहतं, यात त्याचा कमीपणा नाही, ते वेगळ्याच कारणासाठी घ्यायचं असतं.

मग निवडायचं कसं? किमतीवरनं नाही, काट्यावरनं पण नाही. तुमचा दिवस कसा जातो ते बघा. हात कुठं असतो, काय करतो, घड्याळ किती तास अंगावर असतं, एवढं खरं खरं सांगितलं की उत्तर बहुतेक आपोआप येतं.

भाच्याचंच घ्या. तो सरफेस ग्राइंडरवर काम करतो. त्या मशीनला जॉब धरायला मॅग्नेटिक चक, म्हणजे चुंबकाची पकड असते, दिवसात कितीदा तरी हात त्याच्याजवळ जाणार. ऑटोमॅटिक घड्याळाला लोहचुंबक म्हणजे विष आहे. ती केसासारखी स्प्रिंग मॅग्नेट झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटायला बघतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ एकदम पळायला लागतं, दिवसाला काही मिनिटं पुढं. कालपर्यंत नीट असलेलं ऑटोमॅटिक आज अचानक पळायला लागलं तर पहिली शंका मॅग्नेटची घ्या, घड्याळवाल्याकडं डीमॅग्नेटायझर असतो, एका मिनिटाचं काम आहे, पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका. क्वार्ट्झला चुंबकाजवळ नेलं तर मोटर अडकते, घड्याळ थांबतं, पण लांब नेलं की परत चालू होतं, वेळ तेवढी लावून घ्यायची. मॅग्नेट नसलं तरी हातोडी, ड्रिल, वेल्डिंगच्या कामाला, आणि पॉवर टिलर धरणाऱ्या हाताला मी क्वार्ट्झच सांगतो, सतत धक्के बसले की बॅलन्सचे बारीक खुंट वाकतात, धक्का सोसायची सोय मशीनमध्ये असते पण ती हातातनं पडण्यासाठी असते, रोजच्या आठ तासांसाठी नसते. गणपतीत डीजेच्या स्पीकरला टेकून उभं राहणाऱ्यांनी पण ऑटोमॅटिक घरी ठेवावं, त्या स्पीकरच्या मागं केवढं तरी मोठं चुंबक असतं.

माझी ताई, म्हणजे त्याची आई, मिरजेत नर्स आहे. तिला सेकंद काटा नाडी मोजायला लागतो, पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं, तिथं स्पष्ट टिक टिक पडणारा काटा, पांढरी डायल, मोठे आकडे पाहिजेत. ड्युटीत हात सारखा धुवायचा, घड्याळ काढायचं, घालायचं, कधी खिशात, कधी टेबलावर. क्वार्ट्झ, दुसरा विचारच नको. एमआरआयच्या खोलीजवळ ड्युटी असेल तर कुठलंच घड्याळ आत न्यायचं नाही, ते तर तिथं दारावरच लिहिलेलं असतं.

आता माझं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाला बसतो. सकाळी दहा ते सहा खुर्चीत, डावा हात वहीवर ठेवलेला, उजवा चालू. मला ऑटोमॅटिकची हौस म्हणून मी एनएच३५ चं घेतलं, आणि पहिल्या दोन महिन्यांत लक्षात आलं की खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या डाव्या हातावर ते पूर्ण भरतच नाही. दिवसभर घालून रात्री काढलं की पहाटे चालू असतं, पण रविवारी घरी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद. पूर्ण भरलेलं घड्याळ रविवारी रात्री ९ ला काढून ठेवलं तर एक्केचाळीस तासांच्या हिशेबानं मंगळवारी दुपारी २ ला थांबायला पाहिजे, माझं सोमवारीच थांबायचं, म्हणजे ते कधी निम्म्याच्या वर भरतच नव्हतं. उपाय सोपा निघाला. एनएच३५ ला चावी पण देता येते, म्हणून मी सकाळी अंघोळ झाल्यावर तीस-एक वळसे देतो, बस्स, आता दिवसाला नऊ-दहा सेकंद पुढं असतं आणि ते मला चालतंय. सेइकोची जुनी ७एस२६ असली मशीन हाताने चावी घेत नाहीत, फक्त हलवूनच भरतात, आणि वेळ लावताना त्यांचा सेकंद काटा थांबत पण नाही, बैठं काम असेल तर असलं मशीन टाळा.

एक ओळखीचे गुरुजी आहेत, त्यांना शाळेची घंटा द्यायची असते. क्वार्ट्झ. एक मित्र विट्याकडचा, गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, सहा महिने तमिळनाडूत असतो, गावाकडं आला की घरातलं घड्याळ काढून घालतो. त्याला मी ऑटोमॅटिक सांगितलं, कारण क्वार्ट्झ कपाटात पडलेलं असताना सेल संपला तर कळत नाही, संपलेला सेल तसाच राहिला तर गळतो आणि त्यातनं आलेला पांढरा-हिरवा चिकट थर सर्किट खाऊन टाकतो. ऑटोमॅटिक कपाटात नुसतं झोपून राहतं, उठवलं की चालतं. पण त्याला पण दर चार-पाच वर्षांनी तेल लागतं, न घालता ठेवलं तरी तेल सुकतंच.

खर्चाचं एका दमात सांगतो. क्वार्ट्झला दोन-तीन वर्षांनी सेल, शे-दोनशे रुपये, आणि मियोटा २०३५ सारखं साधं मशीन पूर्ण गेलं तर अख्खं नवीन बसवून मिळतं, दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडतं. ऑटोमॅटिक नवीन, खऱ्या कंपनीचं, साधारण दहा हजारांच्या आसपास सुरू होतं आणि दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगचे हजार-दोन हजार धरून चालायचं, नीट करणारा माणूस मिळाला तर. हा "मिळाला तर" महत्त्वाचा आहे. सांगली-मिरजेत घड्याळाची दुकानं पुष्कळ, पण बॅलन्स उतरवून, प्रत्येक चाक धुवून, दगडावर तेलाचा बारीक थेंब ठेवणारे हात आता मोजकेच राहिलेत. ऑटोमॅटिक घ्यायच्या आधी असा एक माणूस शोधून ठेवा आणि त्याला विचारा, काका, हे मशीन तुम्ही उघडता का, पार्ट मिळतात का. तो हो म्हणाला तरच घ्या. माझ्या मते घड्याळाच्या रिव्ह्यूपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं आहे.

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर काय तपासायचं? सरकता काटा म्हणजे ऑटोमॅटिक असं धरू नका, काही क्वार्ट्झ मशीन पण सेकंदाला चार ठोके देऊन काटा सरकवतात. घड्याळ कानाजवळ धरून हळू हलवा, ऑटोमॅटिकमध्ये रोटर फिरल्याचा घरंगळल्यासारखा आवाज येतो, मियोटा ८२१५ मध्ये तर रोटर एका दिशेला मोकळा सुटतो तेव्हा मनगटावर जाणवतो सुद्धा, तो दोष नाही. मग चावी बाहेर ओढून काटे फिरवा, मिनिट काटा ढिला उड्या मारत असेल तर नको. तारीख बरोबर खिडकीच्या मधोमध येते का बघा. दुकानात टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून तपासणारं यंत्र असेल तर लाजू नका, लावायला सांगा, घड्याळ पूर्ण भरून मग. स्क्रीनवर तीन आकडे येतात, दिवसाचा फरक, ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो ते, आणि बीट एरर म्हणजे इकडच्या आणि तिकडच्या झोक्याच्या वेळेतला फरक. डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड २७० च्या आसपास किंवा वर असेल तर मशीनमध्ये जीव आहे, २०० च्या खाली असेल तर तेल सुकलंय किंवा घाण आहे. बीट एरर एक मिलिसेकंदाच्या आत पाहिजे. फक्त त्या यंत्रात लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक मशीनचा ठरलेला एक कोन, बरोबर टाकलेला असावा, एनएच३५ ला ५३, ८२१५ ला ४९, नाहीतर ॲम्प्लिट्यूड खोटाच दिसतो. आणि डायलवर किती ज्वेल लिहिलंय त्यावरनं भुलू नका, ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक, चाकांचे खुंट घासू नयेत म्हणून बसवलेले दगड, चावीच्या घड्याळाला १७ पुरतात, ऑटोमॅटिकला २१ ते २५, उगाच जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असं काही नसतंय.

जुन्या एचएमटीचं वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडं त्याचं प्रेम लय आहे आणि फसवणूक पण तिथंच जास्त. एचएमटीनं १९६१ मध्ये बेंगळुरूत सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली, जनता, पायलट, कोहिनूर ही चावीची मॉडेलं घराघरांत होती. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून टायटन काढली, तिनं क्वार्ट्झवर जोर दिला आणि बाजार फिरला, २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आता ऑनलाइन ही घड्याळं हजार-दीड हजारात चकचकीत दिसतात, निळ्या, केशरी, हिरव्या डायलची. त्यातली पुष्कळ जुन्या केसमध्ये नवीन रंगवलेली डायल घालून केलेली असतात, आत तीन वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट. ही पण कॉपीच झाली, फक्त नाव आपलं आहे एवढंच. केसच्या कडा घासून गोल झालेल्या आणि डायल मात्र कालची वाटते, अक्षरं लेन्सखाली पसरलेली दिसतात, डायलवर ऑटोमॅटिक लिहिलंय आणि आत रोटरच नाही, असं काही दिसलं की सोडून द्या. मागचं झाकण उघडलेला फोटो मागा, देत नसेल तर विषय संपला. त्यापेक्षा घरात वडिलांचं, आजोबांचं जे कपाटात पडलंय ते बाहेर काढा, डायल पिवळी पडलेली असली तरी असू दे, रंगवू नका, नुसतं सर्व्हिसिंग करून घ्या.

पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी हरभट रोड, मारुती चौकात शिरलं तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या कपाटातली दोन घड्याळं चार दिवस पाण्यात होती, एक क्वार्ट्झ, एक ऑटोमॅटिक. दोन्हीवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं. पाणी उतरल्यावर त्यांनी ती आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मग काकांकडं नेली. क्वार्ट्झचं मशीन काढून टाकलं, नवीन बसवलं, डायलवर गाळाची एक तपकिरी रेघ राहिली तेवढी, ते घड्याळ अजून चालतंय. ऑटोमॅटिकमध्ये चावीचा दांडा आणि तारखेच्या चकतीखालचे पार्ट गंजून एकजीव झाले होते, काका म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर वाचलं असतं. तर काचेखाली वाफ दिसली की तांदूळबिंदूळ काही नको, त्याच दिवशी उघडून घ्या, चावी बाहेर ओढून ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. ३० मीटर लिहिलंय म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालतं, नदीत पोहायला नाही. पोहायला १०० मीटर बघा. आणि सेल बदलताना मागच्या झाकणाचं रबर पण बदलायला सांगा, पन्नास रुपयांसाठी ते कोणी सांगत नाही आणि पहिल्या पावसात घड्याळ जातं.

तारखेची एक चूक माझ्या हातनं झालेली आहे, ती तुमच्या हातनं होऊ नये. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीनं तारीख पटकन बदलायची नाही. त्या वेळात आतलं चाक तारखेच्या चकतीला आधीच धरलेलं असतं, त्यात आपण जोर लावला की दात मोडतो. मी एका ३० तारखेला रात्री अकराला १ तारीख करायला गेलो, कट्ट करून आवाज आला आणि त्यानंतर महिनाभर तारीख तिथंच अडकून राहिली. बंद पडलेलं घड्याळ उचललं तर त्यात रात्र आहे की दिवस हे कळत नाही, म्हणून आधी काटे फिरवत तारीख बदलेपर्यंत जायचं, तिथं १२ म्हणजे रात्रीचे, मग सकाळी ६ ला आणून तारीख लावायची. तारखेच्या बहुतेक घड्याळांना, क्वार्ट्झ असो की ऑटोमॅटिक, हेच लागू.

नवीन घड्याळ घेतल्यावर पहिले सात दिवस एक काम करा. सकाळी ७ ला मोबाईलच्या वेळेशी सेकंदासकट लावा आणि रोज ७ लाच फरक लिहा, मधे वेळ दुरुस्त करायची नाही. ऑटोमॅटिक असेल तर रात्री कसं ठेवलं ते पण लिहा, डायल वर, का चावी वर, का उभं. काही दिवसांनी दिसेल की एका बाजूनं ठेवलं की पुढं जातं, दुसऱ्या बाजूनं ठेवलं की मागं येतं, मग दिवसाचा फरक रात्रीच्या ठेवण्यानंच बराचसा मिटवता येतो. माझं डायल वर ठेवलं की पुढं पळतं, चावी वर करून उभं ठेवलं की चार-पाच सेकंद मागं येतं. ही वही वॉरंटीत पण कामाला येते, "पुढं जातंय" म्हणण्यापेक्षा सात दिवसांचे आकडे दाखवले की दुकानदार नीट ऐकतो.

भाच्यानं शेवटी १,८०० चं क्वार्ट्झ घेतलं, भारतीय कंपनीचं, स्टीलची केस, ५० मीटर, मिरजेत लक्ष्मी मार्केटजवळच्या दुकानातनं, बिलासकट. हिरवी डायल पण मिळाली त्याला. ऑटोमॅटिकसाठी तो दर महिन्याला पाचशे बाजूला टाकणार म्हणतोय, ते सुट्टीच्या दिवशी घालायचं, ग्राइंडरवर नाही. दुकानातनं निघताना मी त्याला मागचं झाकण उघडून दाखवायला लावलं. आत सेलवर दुकानदारानं बारीक मार्करनं तारीख टाकली होती. तुमच्या घड्याळात नसेल तर टाकून घ्या, आणि ज्या दिवशी सेकंद काटा एकेक सोडून एकदम चार-चार सेकंद उड्या मारायला लागेल त्या दिवशी समजा सेल संपत आलाय, आठवड्याच्या आत बदला. सगळ्या मशीनमध्ये ही सोय नसते, म्हणून ती तारीख.